पहिली जपानी तलवार घेताना नावावर जाऊ नका, पात्याची तब्येत बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जपानला फिरायला जाणाऱ्यांसाठी लेख आला होता. लेख छानच होता, पण त्यातल्या खरेदीच्या यादीत किमोनो, माचा आणि चॉपस्टिक यांच्या मधेच 'समुराई तलवार' असं दोन शब्दांत उरकलंय, ते वाचून राहवेना म्हणून हे पत्र लिहितेय. मी मूळची सांगलीची, बरीच वर्षं टोकियोत निशी-कासाईला राहते, नोकरी आयटीत, आणि नोकरीबाहेरचा सगळा जीव जपानी तलवारींमधे. आपल्याकडून येणारी मंडळी, भाच्याचे मित्र, गावाकडचे ओळखीचे, सगळे एकच विचारतात, "ताई, एक ओरिजिनल कटाना घ्यायचीय, कुठे मिळेल?" आता प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा तुमच्या पेपरातून एकदाच सांगावं म्हटलं, पत्र लांबलंय, जागा असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

पहिली गोष्ट म्हणजे आसाकुसाला किंवा क्योटोत देवळाच्या रस्त्यावर दुकानात उभ्या करून ठेवलेल्या ज्या चकचकीत 'समुराई तलवारी' काही हजार येनला मिळतात त्या तलवारी नाहीतच. ते जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम असतं, धार नसते, धार लावताही येत नाही. शोकेसमधे ठेवायला घ्या, काही हरकत नाही, पण ते खेळणं आहे हे माहीत असू द्या. खरी तलवार जपानमधे कागदाशिवाय नसते. १९५८ चा बंदुका आणि तलवारींच्या नियंत्रणाचा कायदा आहे, त्यानुसार प्रत्येक खऱ्या तलवारीला तोरोकुशो नावाचं नोंदणीकार्ड असतं, ते प्रीफेक्चरचं, म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारख्या विभागाचं, शिक्षण मंडळ देतं. हो, पोलीस नाही, शिक्षण मंडळ, कारण सरकारच्या लेखी ती कलावस्तू आहे. आणि ही नोंदणी तलवारीची असते, माणसाची नाही, कार्डावर मालकाचं नावच नसतं. तलवार विकत घेतली की २० दिवसांच्या आत त्या शिक्षण मंडळाला नवीन मालक म्हणून कळवायचं, झालं. कार्डावर प्रकार, पात्याची लांबी, बाक, मुठीच्या खिळ्याची भोकं किती आणि सही असेल तर ती काय, एवढं लिहिलेलं असतं. दुकानात टेप मागा, पात्याच्या टोकापासून ते मागच्या कडेला जिथे खाच आहे तिथपर्यंत सरळ रेषेत मापा आणि कार्डावरच्या आकड्याशी ताडून बघा, चांगला दुकानदार स्वतःच मापून दाखवतो. माप जुळत नसेल, भोकं कमी-जास्त असतील तर ते कार्ड दुसऱ्याच तलवारीचं असू शकतं. आणि कार्ड नाही म्हणाला तर तिथून उठायचं, भाव कितीही चांगला असू दे.

आता खरी म्हणजे काय ते थोडं सांगते, कारण ऑनलाइन 'हँडमेड ऑथेंटिक कटाना' पंधरा-वीस हजार रुपयांत दिसते आणि लोकांना वाटतं सापडलं. जपानी तलवारीचं पोलाद म्हणजे तामाहागाने, ते लोखंडाची वाळू आणि लोणारी कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस तीन रात्री जाळून काढतात. शिमाने प्रीफेक्चरमधे ओकुइझुमोला ही भट्टी आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर ती बंद पडली होती, १९७७ मधे तलवार जतन करणाऱ्या संस्थेने पुन्हा सुरू केली आणि ती फक्त थंडीत पेटते. एका खेपेला साधारण १० टन वाळू आणि १२ टन कोळसा जातो आणि हाती येतो अडीच टनांच्या आसपासचा गोळा, त्यातलाही तलवारीच्या लायक भाग थोडाच. आज तलवार घडवणाऱ्या लोहाराला निदान ५ वर्षं गुरूकडे उमेदवारी करावी लागते, मग सरकारच्या सांस्कृतिक खात्याचा परवाना, आणि तोही मिळाल्यावर महिन्याला २ लांब किंवा ३ आखूड तलवारी एवढंच करायची मुभा. म्हणजे हयात लोहाराची नवीन कटाना १० लाख येनच्या खाली सहसा मिळत नाही. मग पंधरा हजार रुपयांत काय मिळतं ते तुम्हीच समजून घ्या.

त्या नकली मालाच्या खुणाही सांगून ठेवते. धारेजवळचा तो पांढरट लाटांचा पट्टा, ज्याला हामोन म्हणतात, तो खऱ्या तलवारीत पाण्यात विझवताना तयार होतो, पात्यावर माती लिंपतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड, मग तापवून पाण्यात घातलं की धार झटकन थंड होऊन कडक होते आणि पाठ नरम राहते. नकलीत तो ॲसिडने किंवा घासून काढलेला असतो, सगळीकडे एकसारखा पांढरा, दिवा हलवला तरी त्याच्यात काहीच हलत नाही. पोलादावर भडक काळ्या-पांढऱ्या लाटा दिसत असतील आणि विकणारा 'दमास्कस' म्हणत असेल तर ती जपानी नाही. मुठीच्या आतला भाग बघा, त्याला नाकागो म्हणतात, त्यावर ग्राइंडरचे ताजे ओरखडे आणि वरून लावलेला नारिंगी गंज दिसला की विषय संपला.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. नकली खेळण्यांपासून लोक वाचतात, थोडं वाचन केलं की तेवढं कळतं. फसतात ते खऱ्या तलवारीत. खरी, जुनी, कार्डवाली तलवार, आणि तिच्यावर कुणा मोठ्या लोहाराची सही, आणि ती सही खोटी. याला गिमेइ म्हणतात आणि हा प्रकार आजचा नाही, तीनशे-चारशे वर्षं चालू आहे. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ मधे, सरदार एकमेकांना तलवारी नजर करायचे, मोठ्या नावांना मागणी होती, मग साध्या पात्यावर मोठं नाव कोरायचं. कोतेत्सु म्हणून एदोतला, म्हणजे आजच्या टोकियोतला, नामांकित लोहार होता, आधी एचिझेन प्रांतात चिलखतं करायचा, पन्नाशीच्या सुमाराला तलवारीकडे वळला आणि एवढा गाजला की जपानीत म्हणच आहे, कोतेत्सु दिसली की नकली समजा. पेटीवर देवगड लिहिलं म्हणून आतला आंबा देवगडचा होत नाही हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, पण हेच लोक तलवारीच्या सहीचे फोटो पाठवतात, इंटरनेटवर नाव शोधतात, चौदाव्या शतकातला कुणीतरी सापडतो आणि रात्रभर झोप लागत नाही. सही ही शेवटची बघायची गोष्ट आहे. जाणकार मंडळी आधी पात्याचा आकार बघतात, मग पोलादाचा पोत, मग हामोन, मनात म्हणतात ही अमुक काळातली, अमुक प्रांतातली असावी, आणि मगच मूठ काढून सही बघतात, ती पात्याशी जुळली तर ठीक, नाही जुळली तर सही खोटी, पातं खोटं नाही.

उलट सही नसलेल्या तलवारीला घाबरायचं काही कारण नाही. जुन्या लांब तलवारी पुढच्या काळात कापून आखूड केल्या, कापताना खालचा भाग गेला, त्याबरोबर सही गेली. अशी बिनसहीची पण अभ्यासकांनी घराणं ठरवून दिलेली तलवार मोठ्या नावाच्या खोट्या सहीपेक्षा शंभर पटीने चांगली, आणि नवख्या माणसाला परवडणाऱ्या भावात बऱ्याचदा हीच मिळते.

मग बघायचं काय, तर पात्याची तब्येत. इथे वेळ घालवा, भावात घासाघीस करण्यात घालवू नका. सगळ्यात वाईट दोष म्हणजे हागिरे, धारेतून आत पाठीच्या दिशेने गेलेली बारीक भेग. केसापेक्षा बारीक असते, समोरून बघितली तर दिसतच नाही, पातं धारेच्या बाजूने डोळ्यासमोर धरून दिव्याखाली हळूहळू फिरवत न्यायचं, एखाद्या ठिकाणी उजेडाची रेघ तुटल्यासारखी वाटली की तिथे थांबायचं, भिंग मागायचं. ही भेग असलेलं पातं मेलेलं समजतात, दुरुस्ती नाही. ऑनलाइन लिलावातल्या फोटोत हागिरे दिसत नाही, विकणाऱ्यालाही ती दाखवायची नसते, म्हणून पहिली तलवार फोटोवरून घेऊ नका असं मी हात जोडून सांगते. दुसरं, आगीत सापडलेली तलवार. टोकियोत, ओसाकात, किल्ल्यांत आगी कमी लागल्या नाहीत, आगीत पात्याचं पाणी उतरतं, मग नंतर कुणीतरी ते पुन्हा तापवून विझवलेलं असतं. अशा पात्यात मुठीच्या वरच खाचेपाशी तिरकी फिकट सावली दिसू शकते. ही सावली दिसली म्हणजे पुन्हा विझवलीच असं नाही, पण नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. तिसरं, थकलेली तलवार. प्रत्येक पॉलिशला थोडं पोलाद जातं, शतकानुशतकं पॉलिश होत होत वरचं चांगलं कातडं पातळ होतं आणि आतलं नरम, निस्तेज लोखंड डाग पडल्यासारखं वर येतं, हामोन अरुंद होत होत धारेला चिकटतो, टोकाशी तर नाहीसाच होतो. टोक नीट बघा, टोकात हामोन वळून मागे गेलेला दिसला पाहिजे, ते टोक मोडून पुन्हा घडवलं असेल तर तो वळसा गायब असतो. फुगवटे, उघडे सांधे, हे दोष जुन्या तलवारीत थोडेफार असतातच, त्यांच्यामुळे भाव कमी होतो पण तलवार मरत नाही, जागा आणि आकार बघून ठरवायचं.

कागदांबद्दल. कार्ड वेगळं आणि अभ्यासकांचं प्रमाणपत्र वेगळं, हा घोळ नेहमी होतो. कार्ड फक्त सांगतं की ही तलवार कायदेशीर आहे, कार्डावर सही अमुकची लिहिली असेल तर तशी अक्षरं कोरलेली आहेत एवढंच, ती खरी आहे असं ते म्हणत नाही. सहीची आणि घराण्याची खात्री देतात ते एनबीटीएचके या संस्थेचे कागद, तलवारी जतन करणारी जी संस्था मी वर भट्टीच्या वेळी म्हटली तीच ही. संस्था १९४८ ची, लढाई हरल्यावर अमेरिकन फौजांनी तलवारी जप्त करायला सुरुवात केली होती तेव्हा त्या वाचवण्याच्या धडपडीतून उभी राहिली. कागदांच्या पायऱ्या आहेत, होझोन, मग तोकुबेत्सु होझोन, मग जूयो आणि सगळ्यात वर तोकुबेत्सु जूयो. पहिल्या तलवारीला होझोन भरपूर झालं. कागदावर नाकागोचा फोटो असतो, तो हातातल्या नाकागोशी ताडून बघा, गंजाचे डाग, भोकांची जागा, कानसेच्या रेघा सगळं जुळायला हवं, कारण कागदही नकली निघतात. १९८२ च्या आधीचे रंगीत जुने कागद दाखवून कुणी मोठं नाव विकत असेल तर सांगायचं, नवीन कागद करून आणा मग बोलू. त्या जुन्या कागदांतले बरेच चुकीचे निघालेत हे इथल्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे आणि तलवार खरंच चांगली असती तर विकणाऱ्याने आधीच नवीन कागद केले असते.

आता कोणती घ्यायची. माझं सरळ मत आहे, पहिली तलवार कटाना नको, वाकिझाशी घ्या. पातं २ शाकूच्या वर, म्हणजे ६०.६ सेंटीमीटरच्या वर असेल तर कटाना, १ ते २ शाकू म्हणजे वाकिझाशी, त्याहून लहान ती तांतो. एदो काळात दोन तलवारी फक्त सामुराईने लावायच्या पण वाकिझाशी व्यापारी, प्रवासी असे साधे लोकही बाळगू शकत, त्यामुळे त्या भरपूर घडल्या आणि भरपूर टिकल्या. संग्राहकांना मात्र लांब कटाना हवी असते म्हणून वाकिझाशीचा भाव कमी राहतो. साधारण ३ लाख येनच्या आसपास, म्हणजे येनच्या आजच्या भावाने पावणेदोन लाख रुपयांच्या जवळपास, होझोन कागदाची, चांगल्या पॉलिशमधली, निरोगी वाकिझाशी मिळते. त्याच पैशात कटाना शोधलीत तर थकलेली, गंजलेली किंवा खोट्या सहीची मिळेल. आणि शिकायला दोन्ही सारख्याच, लोहार एकच, पोलाद एकच, हामोन तोच. १५९६ नंतरच्या दोन-अडीचशे वर्षांतली, प्रांतातल्या एखाद्या मधल्या दर्जाच्या लोहाराची, न कापलेली, पूर्ण मापाची, मला कुणी विचारलं तर मी हेच सुचवते.

पॉलिश चांगलं असलेलीच घ्या, हे तर पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. स्वस्तात गंजकी तलवार घेऊ आणि पॉलिश करून घेऊ असा हिशोब फार जण करतात. पॉलिश करणारा कारागीर एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर आठवडेच्या आठवडे हाताने घासतो, शेवटी बोटाच्या टोकाएवढी दगडाची चकती अंगठ्याखाली धरून. त्याची मजुरी पात्याच्या लांबीवर असते, कटानाला काही लाख येन सहज होतात, शिवाय नवीन म्यान वेगळं. आणि गंजाखाली हागिरे निघाली तर सगळे पैसे पाण्यात. तसंच मुठीचं रेशीम, मूठ आणि पातं यांच्या मधली चक्री, लाखेचं म्यान, या साजावर भुलू नका. सुंदर साज बऱ्याचदा इकडून तिकडून जमवून हल्लीच चढवलेला असतो. साध्या पांढऱ्या लाकडाच्या शिरासायात ठेवलेलं चांगलं पातं घ्या, ते म्यान होनोकी नावाच्या मऊ लाकडाचं असतं आणि पातं सांभाळायला तेच सगळ्यात बरं. साजाची हौस असेल तर एखादी जुनी चक्री, त्सुबा म्हणतात तिला, वेगळी घ्या, त्यातही आयुष्य जाईल एवढं शिकण्यासारखं आहे.

घेण्याआधी बघा, खूप बघा. टोकियोत र्‍योगोकुला सुमोच्या स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर तलवारींचं संग्रहालय आहे, २०१८ पासून या नवीन जागेत. टोकियोतच उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात दोजिगिरी या तलवारीसारखी राष्ट्रीय ठेव आहे, ती कायम मांडलेली नसते पण तलवारींच्या दालनात कधीही गेलात तरी उत्तम पाती असतात. ओकायामाकडे जाणार असाल तर सेतोउचीला ओसाफुनेचं संग्रहालय चुकवू नका, बिझेन या जुन्या प्रांताच्या तलवारींच्या परंपरेचं ते गावच, आणि तिथल्या नगरपालिकेने देणग्या जमवून ५० कोटी येनला सांचोमो ही तलवार २०२० मधे आपल्या गावी परत आणली, हे मला फार मोठं वाटतं. काचेसमोर सरळ उभं राहून काही दिसत नाही बरं का. खाली वाकायचं, दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर पडेल अशी जागा शोधायची आणि मग डोकं इंच इंच हलवायचं, तेव्हा हामोन दिसायला लागतो.

आणि शक्य असेल तर हातात घेऊन बघायच्या सभेला जा, परदेशी माणसालाही येऊ देतात, ओळख मात्र लागते. खोली अंधारी करतात, प्रत्येक पात्यापुढे एक पिवळा बल्ब. बसायचं, तलवारीला वाकून नमस्कार करायचा, मग दोन्ही हातांनी उचलायची, धार वर. पात्यावर तोंड करून बोलायचं नाही, थुंकीचा बारीक कण पडला तरी डाग येतो. बोट लावायचं नाही, रुमालावर टेकवायची. पातं बल्बच्या खाली धरून जरा तिरकं केलं की आधी नुसता पांढरा पट्टा, आणि आणखी जरा तिरकं केलं की त्या पट्ट्याच्या कडेला धुक्यासारखी बारीक रेघ उमटते, काही तलवारींत त्या धुक्यात वेगवेगळे चमचमणारे कण सुटे दिसतात, सागामी प्रांताच्या परंपरेत हे कण ठळक आणि बिझेनमधे धुकं जास्त. बिझेनच्या जुन्या पात्यात तर हामोनच्या वर, पाठीच्या बाजूला, एक पुसटशी पांढरी सावली हामोनबरोबर चालत जाते, बल्ब जरा इकडेतिकडे झाला की नाहीशी. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की ॲसिडने काढलेला हामोन तुम्हाला परत कधी फसवणार नाही. दुकानातही असंच वागायचं. बघू का असं विचारा, मूठ मात्र स्वतः काढू नका, दुकानदाराला काढायला सांगा. टोकियोत शरद ऋतूत दाई तोकेन इचि म्हणून मोठा बाजार भरतो, देशभरातले व्यापारी येतात, एका छताखाली शेकडो पाती बघायला मिळतात, पहिल्या वर्षी काहीही न घेता नुसतं बघा.

ज्यांना इआइदो शिकायचंय, तलवार म्यानातून काढायचा सराव करायचाय, त्यांनी इआइतो घ्यावी, सरावासाठीच बिनधारेची बनवतात, नोंदणी लागत नाही. तीनशे वर्षांच्या पात्याने बाटल्या आणि बांबू कापायचे व्हिडिओ करू नका.

आता भारतात आणायचं. जपानबाहेर न्यायला सांस्कृतिक खात्याचं निर्यातीचं प्रमाणपत्र लागतं, ते मिळताना नोंदणीकार्ड परत जमा होतं, दुकानदार हे करून देतो पण काही आठवडे जातात, म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी घेतलेली तलवार बॅगेत टाकून आणता येत नाही. आपल्याकडे आर्म्स ॲक्ट, १९५९ आहे, तलवार हे शस्त्रच धरलं जातं आणि देशात शस्त्र आणायला परवाना लागतो. कुरिअरने मागवलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात येतात. तेव्हा आधी जिल्ह्यातल्या शस्त्र परवाना शाखेत आणि कस्टममधे लेखी विचारा, लेखी उत्तर हातात येईपर्यंत पैसे देऊ नका. पुरवणीतल्या लेखात हे एक वाक्य तरी हवं होतं, संपादक महाराज, कारण वाचक विश्वासाने वाचतात आणि विमानतळावर अडकतात.

आणल्यावर सांभाळायचं कसं तेही लिहिते कारण कोकण-मुंबईची दमट हवा पोलादाची शत्रू. बोटाचा ठसा राहिला तर पावसाळ्यात त्या ठशाच्या आकाराचा गंज येतो. जुनं तेल मऊ कागदाने किंवा मायक्रोफायबरने पुसायचं आणि तलवारीचंच तेल अगदी पातळ लावायचं, खोबरेल नाही, ते चिकट होतं आणि पात्याला खातं. आणि खंडेनवमी. आपण शस्त्रं पुजतो, मला त्याचा अभिमान आहे, मी इथेही पूजा करते, पण हळदकुंकू, पाणी, फुलं पात्यावर नकोत. म्यानात ठेवूनच पूजा करा, कुंकू खालच्या पाटावर वाहा.

शेवटची गोष्ट खास आपल्या घरांसाठी. मराठा पलटणी दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर जपान्यांशी लढल्या, १९४४ ला मणिपुरात सांगशाकच्या लढाईत ४/५ मराठा ही पलटण होती. १९४५ मधे जपानी अधिकाऱ्यांनी शरणागतीत तलवारी सोपवल्या आणि त्यातल्या काही पलटणींच्या मेसमधे, काही लष्करी घरांत आल्या. साताऱ्या-कोल्हापूरकडे कुणाच्या घरी पणजोबांची अशी तलवार असेल तर तिला 'साधी मिलिटरीची' म्हणून हिणवू नका. बऱ्याचशा कारखान्यात केलेल्या असतात, मूठ ॲल्युमिनियमची ओतीव आणि पात्यावर नंबर असेल तर ती १९३५ च्या नमुन्याची, हवालदारांसाठीची मशीनची तलवार. पण अधिकाऱ्यांच्या तलवारीत घरातलं जुनं पातं लष्करी साजात बसवून आणलेलं असायचं, चामड्याच्या खोळीत चारशे वर्षांचं पातं निघाल्याची उदाहरणं आहेत. ते कळतं फक्त नाकागोवरून. मुठीतला बांबूचा छोटा खिळा लाकडी काडीने हळूच ढकलून काढा, मूठ जाम असेल तर जबरदस्ती करू नका. नाकागोवर छोटा शिक्का असेल तर बहुधा लढाईच्या काळातली, शिक्का ताऱ्याचा असेल तर मात्र पारंपरिक रीतीने घडवलेली असण्याची शक्यता मोठी. आणि नाकागोवरचा काळपट तपकिरी गंज काढू नका, चिंच नको, लिंबू नको, पितळ चमकवायची पावडर नको, सँडपेपर तर नकोच. तो गंज हाच तिच्या वयाचा दाखला आहे, अभ्यासक त्याच्या रंगावरून काळ सांगतात, एकदा घासला की अर्धी किंमत आणि सगळा पुरावा गेला. नुसते फोटो काढा, खिडकीजवळच्या उजेडात, नाकागो दोन्ही बाजूंनी, टोक, आणि पूर्ण पातं पट्टीसकट, आणि ते एखाद्या जाणकाराला दाखवा. जपानला स्वतः घेऊन येऊ नका, पारंपरिक रीतीने न घडवलेल्या तलवारीला इथे नोंदणी मिळत नाही आणि ती परतही मिळत नाही. दसरा जवळ आलाय, घरोघरी शस्त्रं साफ करायला काढतील, म्हणून एवढा भाग तरी त्याआधी छापावा.

आपली नम्र,
मूळची सांगलीची एक वाचक,
निशी-कासाई, टोकियो